शिडीला हात लावला की मुंग्या, पाऊस पडला की आरसीसीबी पडतो: वावरातल्या पोहण्याच्या टाक्यातला करंट कसा शोधायचा

संत्र्याच्या बगिच्यातलं फार्महाऊस असो की ताडोबाच्या वाटेवरचं होमस्टे, विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या पोहण्याच्या टाक्याची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं, फिल्टरला एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, पाण्याखाली दोन-चार दिवे, स्टीलची शिडी, आणि उन्हाळा आला की काठावर लोखंडी कूलर. तक्रारीही दोनच. नवतप्यात ओल्या हाताने शिडी धरली की मुंग्या येतात. मृगाचा पाऊस पडला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, वारंवार पडतो. पहिल्या तक्रारीवर अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, दुसऱ्यावर आरसीसीबी काढून सरळ जोडणी करतात. हे दोन वेगळे आजार नाहीत. बहुतेक वेळा गळती एकच असते, ऋतूप्रमाणे तिचं तोंड बदलतं.

गळती सापडेपर्यंत टाक्यात कोणीही उतरायचं नाही. मेन स्विच बंद असला तरी नाही. त्याचं कारण पुढे येईल.

उन्हाळ्यात न पडणारा आरसीसीबी जास्त काळजीचा

हिशोब करून पाहू. मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरली आणि इन्सुलेशन १० हजार ओहमवर आलं असं धरा. मोटरची बॉडी आणि शिडी एकाच अर्थिंगच्या तारेवर आहेत. अर्थिंग म्हणजे मुरमात ठोकलेली दोन फुटांची सळई. मे महिन्यात काळी माती भेगाळून सळईपासून सुटते, खाली मुरूम नाहीतर काळा पाषाण, आणि अशा सळईचा रोध हजार-दोन हजार ओहमवरही जातो. २ हजार धरला तर गळती होते २३० भागिले १२,०००, म्हणजे साधारण १९ मिलीअँप. ३० मिलीअँपचा आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे असा बनवलेला असतो. १९ ला तो पडेल याची खात्री नाही. इकडे शिडीवर मात्र ३८ व्होल्ट उभे आहेत.

आता ओल्या अंगाचा माणूस शिडी धरून फरशीवर पाय ठेवतो. त्याच्या शरीराचा रोध १ हजार ओहम धरला तर त्याच्यातून सुमारे १४ मिलीअँप जातात. १० मिलीअँपच्या पुढे स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही. कोरड्या जमिनीवर एवढ्याने माणूस घाबरून ओरडेल, पाण्यात तो बुडेल. आणि एवढं होऊनही एकूण गळती २२ मिलीअँपच्या आतच राहते, आरसीसीबी कदाचित गप्पच.

पाऊस पडला की माती फुगून सळईला चिकटते, अर्थिंगचा रोध समजा ५० ओहमवर येतो. ओल वाढून वाइंडिंगही ६ हजारांवर उतरतं. गळती ३८ मिलीअँप, आरसीसीबी पडला. शिडीवर जेमतेम दोन व्होल्ट. म्हणजे ज्याला लोक "पावसाळ्यात त्रास देतो" म्हणून शिव्या घालतात, तो तेव्हाच नीट काम करत असतो.

आरसीसीबी मुळीच नसेल आणि फक्त एमसीबी (प्रवाह फार वाढला तरच पडणारा स्विच) किंवा किटकॅट फ्यूज असेल, तर चांगलं अर्थिंगही पुरत नाही. तुमचं अर्थिंग १० ओहम, डीपीचं, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरचं, न्यूट्रल अर्थिंग ५ ओहम धरा. फेज थेट बॉडीला टेकला तरी प्रवाह १५ अँप. ३२ अँपचा एमसीबी तो आरामात वाहू देईल, आणि शिडीवर १५० व्होल्ट तासन्‌तास राहतील. "आमच्याकडे अर्थिंग आहे" हे वाक्य टाक्याच्या बाबतीत अपुरं आहे ते यामुळे.

पहिला फाटा: करंट आपला की बाहेरचा

हे ठरवल्याशिवाय मोटर उघडू नका. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक शिडीला (रंग किंवा गंज खरवडून), दुसरं टाक्यापासून १०-१५ मीटरवर ओल्या जागी फूटभर ठोकलेल्या सळईला. नुसत्या डिजिटल मीटरवर भुताटकीचे ३०-४० व्होल्ट दिसतात, म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडून वाचन घ्या. रेझिस्टर जोडताच आकडा शून्यावर कोसळला तर तो खोटा होता. टिकला तर खरा. निऑन टेस्टरवर विसंबू नका, तो खोट्या व्होल्टेजलाही चमकतो आणि खऱ्या १५-२० व्होल्टला चमकत नाही. सिरीज बल्ब लावून "अर्थिंग आहे का" पाहण्याची सवय टाक्याजवळ तर पूर्ण सोडा. १०० वॅटच्या बल्बमधून जवळजवळ अर्धा अँप तुम्ही अर्थिंगमध्ये सोडता, आणि अर्थिंग कच्चं असेल तर त्या वेळी शिडीच जिवंत होते.

सगळं चालू असताना एक वाचन घ्या. मग मेन स्विच पाडून दुसरं. मेन डबल पोल हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. रबरी बूट घाला, हात कोरडे ठेवा, आणि काठावर एकटे जाऊ नका.

मेन पाडल्यावर व्होल्टेज गेलं तर गळती तुमच्याच वायरिंगमध्ये आहे. राहिलं तर ती बाहेरून जमिनीतून किंवा अर्थिंगच्या तारेतून येते आहे. मेन पाडूनही टाक्यात उतरू नका म्हटलं ते यासाठीच. ओल्या अंगाला दोन-चार व्होल्टही जाणवतात. पण आकडा बारा-पंधराच्या पुढे असेल तर काठाला दोर बांधून मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, मग पुढचं.

आपल्याच घरातली गळती

टाक्याच्या बोर्डावरचे सगळे स्विच पाडा आणि आरसीसीबी उचला. एकेक लाईन चालू करत जा. ज्या लाईनला पडेल ती दोषी. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गाडी अडते ती दोषी लाईनचा स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडतो तेव्हा. मग लोक आरसीसीबीच खराब ठरवतात. खरं कारण बहुधा न्यूट्रल असतं. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. पंपाकडे जाणारा न्यूट्रल कुठे पाइपमध्ये सोलून अर्थला टेकला असेल, तर त्या बोर्डावरची दुसरी कुठलीही वस्तू चालू करा, तिचा काही प्रवाह न्यूट्रल सोडून अर्थने परत जातो आणि आरसीसीबी पडतो. दोष पंपाच्या केबलचा, आळ कूलरवर. म्हणून मेन पाडा, न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवा आणि मग चालू करून पाहा. पुढे त्या जागी डबल पोल एमसीबी बसवलेत तर पुढच्या वर्षी हा खेळ करावा लागणार नाही.

इन्व्हर्टर बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर आणखी सोपं. आरसीसीबीच्या आधीचा न्यूट्रल आणि नंतरचा न्यूट्रल कुणीतरी एकत्र बांधला आहे. इन्व्हर्टरच्या लाईनला वेगळा न्यूट्रल ओढा, वेगळा आरसीसीबी लावा.

आता मोटर. फिल्टरच्या मोटरमध्ये पंप आणि मोटर यांच्या मधल्या फटीखाली बोट फिरवा. ओल किंवा पांढरं क्षाराचं पुटं दिसलं तर मेकॅनिकल सील गेलं आहे. सिरॅमिक-कार्बनच्या त्या चकतीतून सुटलेलं पाणी शाफ्टवरून सरकत पुढच्या बेअरिंगमध्ये आणि तिथून वाइंडिंगमध्ये जातं. खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, हे लवकर होतं, आणि ते पाणी वीजही चांगली वाहतं. सकाळी मोटर चालू करताच आरसीसीबी पडतो पण दोन-तीनदा उचलल्यावर टिकतो, तर रात्रीची ओल आहे. चांगली पंधरा-वीस मिनिटं चालून पडतो, तर इन्सुलेशन तापल्यावर हार मानतं आहे किंवा सील तापून गळतं आहे. दोन्हीला उपाय एकच: मोटर सोडवून मेगर करा, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने तपासा.

मेगर ५०० व्होल्टचा. आधी मेन बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, मोटरच्या सगळ्या तारा बोर्डापासून मोकळ्या. वाइंडिंग ते बॉडी वाचन किमान १ मेगाओहम हवं. चांगल्या मोटरला दहा-वीस ते शंभरच्या वर मिळतं. १ च्या खाली असेल तर सील आणि बेअरिंग बदला, वाइंडिंग वाळवून वार्निश द्या, पुन्हा मोजा. तरीही चढलं नाही तर रिवाइंडिंग. सील न बदलता नुसती वाळवलेली मोटर आठवड्यात पुन्हा तिथेच येते. दिव्याचे ड्रायव्हर, टायमर किंवा स्पीड कंट्रोलर जोडलेला असताना मेगर मारू नका, ते जळतात. कपॅसिटरच्या डबीचं झाकणही उघडून पाहा. मुंग्या आणि पाली तिथे घर करतात, आणि मेलेली पाल हे गळतीचं अगदी रोजचं कारण आहे.

पाण्याखालच्या दिव्यांत पाहायचं ते ट्रान्सफॉर्मर. दिवा १२ व्होल्टचा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. प्रश्न आहे की १२ व्होल्ट बनवताना २३० पासून तोडलेत की नाही. ऑटो ट्रान्सफॉर्मर आणि स्वस्त ड्रायव्हर तोडत नाहीत. त्यांच्यातून १२ व्होल्ट येतात खरे, पण जमिनीच्या हिशोबाने ती तार २३० वरही असू शकते. मेन बंद करून ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून सोडवा, आणि आत येणारी (२३० ची) एक तार व बाहेर जाणारी (१२ ची) एक तार यांच्यात ओहम मोजा. काहीही आकडा दिसला तर तो पाण्यासाठी नाही. सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घ्या, तो टाक्याच्या काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर ठेवा, आणि त्याची १२ व्होल्टची बाजू अर्थला जोडू नका. दिव्याच्या तारेचा जोड पाण्याखाली टेप गुंडाळून करण्याला काही अर्थ नाही. जोड पाण्याच्या पातळीच्या वर जंक्शन बॉक्समध्ये, बॉक्स रेझिन किंवा जेलने भरलेला, केबल खालून आत जाणारी. पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी या बॉक्सचं झाकण उघडल्याबरोबर कळतात, आत अर्धा कप पाणी असतं.

कूलरबद्दल एवढंच. लोखंडी बॉडी, आत पाणी, दोन पिनांचा प्लग, आणि पाण्यात पडलेला टुल्लू पंप. असा कूलर काठापासून साडेतीन मीटरच्या आत नको. तीन पिनांचा प्लग, बॉडीला खरवडून घट्ट बसवलेली अर्थची तार, आणि पाणी भरताना प्लग बाहेर.

टाकं उपसायला सोडलेला ओपनवेल सबमर्सिबल ही तर वेगळीच जात. त्याच्या चपट्या तीन कोअर केबलमध्ये बहुतेक वेळा अर्थची कोअर नसते, तिन्ही तारा वाइंडिंगच्याच. पूर्वी जीआय पाइप लावायचे, त्यातून थोडंफार अर्थिंग मिळायचं. आता एचडीपीई पाइप, म्हणजे बॉडीला अर्थ शून्य. तो पाण्यात असताना, बंद असला तरी प्लग लागलेला असताना, कोणी पाण्यात नको.

मेन बंद, तरी करंट आहे

अर्थच्या मुख्य तारेभोवती गळती मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. मेन बंद असूनही त्यात प्रवाह दिसत असेल तर तुमचं अर्थिंग कुणा दुसऱ्याचा परतीचा रस्ता झालं आहे. आपल्याकडे याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

एक, डीपीवरचा न्यूट्रल तुटलेला किंवा ढिला. खूण अशी की काही घरांचे दिवे मंद होतात तेव्हाच दुसऱ्यांचे झगझगीत होतात, आणि पंखे कमी-जास्त फिरतात. दोन, शेजारच्या वावरात कुणीतरी एक फेज घेऊन परतीची तार जमिनीत ठोकून मोटर किंवा दिवे चालवतो आहे. कृषी फीडरला न्यूट्रल मिळत नसेल तिथे हा प्रकार चालतो. त्याच्या सळईचा रोध २० ओहम आणि ४ अँप वाहत असतील तर त्या सळईवर ८० व्होल्ट चढतात. बहुतेक व्होल्टेज पहिल्या काही मीटरांतच उतरतं, पण तुमचा धुरा तिथेच असेल आणि धुऱ्याला टाकं असेल तर वाटा तुमच्याकडेही येतो. व्होल्टेज ठरावीक वेळीच, समजा लाईन असेल तेव्हा रात्रीच दिसत असेल, तर शंका इकडे वळवा.

इथे तुमचा आरसीसीबी काहीही करू शकत नाही. तो फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थची तार कधीच तोडत नाही. आणि रागाने शिडीची अर्थची तार कापून टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग उद्या तुमची मोटर बिघडेल तेव्हा शिडीला काहीच आधार नाही. न्यूट्रलची तक्रार वीज कंपनीच्या १९१२ वर नोंदवा, नंबर लिहून ठेवा, आणि डीपीला स्वतः हात लावू नका. शेजाऱ्याशी बोलताना त्याच्याच विहिरीवरच्या बैलांचा धोका दाखवून द्या. चार पायांमधलं अंतर जास्त म्हणून बैलाला जमिनीतला करंट माणसापेक्षा जास्त लागतो, हे शेतकऱ्याला लगेच पटतं.

बाँडिंग: जे टाक्याला खरं वाचवतं

झटका व्होल्टेजमुळे लागत नाही, दोन जागांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे लागतो. पाण्यात पोहणाऱ्याला काही वाटत नाही आणि बाहेर पडताना, एक हात शिडीवर आणि ओला पाय फरशीवर असताना झटका बसतो, ते यामुळेच. बाँडिंग म्हणजे माणूस एकाच वेळी शिवू शकेल ते सगळं धातू एकमेकांना जोडणं: टाक्याच्या आरसीसीची सळई, शिडी, कठडा, जाळी, मोटरची बॉडी, धातूचे पाइप, आणि काठाची फरशी.

टाकं बांधायचं असेल तर काँक्रीट ओतण्याआधी सळईला दोन ठिकाणी वेल्ड करून पट्टी बाहेर काढा. नंतर हे जमत नाही. बांधून झालेलं असेल तर काठापासून ४५ ते ६० सेंटीमीटरवर, फरशीखाली १०-१५ सेंटीमीटर खोल, तांब्याच्या उघड्या तारेचं सलग कडं फिरवा आणि शिडी, कठडा, मोटर त्याला जोडा. जोडणीच्या तारा ४ चौरस मिलीमीटरच्या खाली नकोत. उघड्यावर ६ ते १० चालेल. लोखंडाला तांबं थेट आवळू नका, कथिलाचा मुलामा दिलेले लग वापरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो जोड खाऊन जातो. पुरलेल्या जागी जीआय तार लावू नका. क्लोरीनच्या पाण्याने ती आतून संपते आणि वरून दिसत नाही. काम झाल्यावर शिडी ते मोटर आणि शिडी ते कठडा असा रोध मोजा, एक ओहमच्या आत हवा.

अर्थिंगच्या खड्ड्याला ४० मिलीमीटर व्यासाचा अडीच मीटर जीआय पाइप हा जुना नेम आहे आणि तो चालतो. खडक लवकर लागत असेल तर खोल जाण्याऐवजी दोन-तीन रॉड, त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, एकमेकांना जोडा. खारपाणात मीठ टाकून गंज वाढवू नका, बेंटोनाइट वापरा. अर्थिंग मोजायचं ते मे महिन्यात.

आरसीसीबी ३० मिलीअँपचाच. वारंवार पडतो म्हणून १०० किंवा ३०० चा बसवून देणारे भेटतात. तो आग टाळायला असतो, माणसासाठी नाही. एलईडी ड्रायव्हर किंवा स्पीड कंट्रोलर असेल तर "ए" प्रकारचा घ्या. टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबा, पण बटणाने आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंगही ठीक, असं नाही. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये गळती करतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. टाक्याच्या मोटरला, दिव्यांना आणि काठाच्या सॉकेटला वेगवेगळे आरसीसीबी दिलेत तर दोष शोधणं पाच मिनिटांचं काम होतं.

सौर पंपाने टाकं भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मेन पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत काही शे व्होल्ट डीसी असतं. कंट्रोलरचा डीसी आयसोलेटर पाडा. "एसी" प्रकारचा आरसीसीबी ही गळती पाहतच नाही.

कोणी चिकटला असेल तर आधी मेन. पाण्यात उडी नको, हात धरून ओढू नका. कोरडी लांब काठी किंवा दोर, आणि १०८. पाण्यातून काढलेला श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, ३० दाबांमागे २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०.

आणि टाकं साफ करायचा ॲल्युमिनियमचा लांबवणारा दांडा. उघडला की चार-पाच मीटर होतो, ओल्या हातात उभा धरला जातो. टाक्यावरून किंवा काठाजवळून विजेच्या खांबांवरची उघडी एलटी लाईन जात असेल तर ती सरकवून किंवा इन्सुलेटेड केबल टाकून घेण्याचा अर्ज आधी द्या. तोपर्यंत फायबरचा दांडा वापरा.